टिचकीबाई

बाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "तुमच्या तासाला पोरं जांभया साधारण कधी द्यायला लागतात?"

मी शाळेत नवी. घाटावरून बदली होऊन तलासरीच्या अलीकडच्या या निवासी शाळेत मराठी शिकवायला आलेली. पहिलाच आठवडा, अजून चहाचा कपसुद्धा माझा म्हणून ठरला नव्हता. आणि समोर ही गणिताची बाई. पन्नाशीची, काटकुळी, मनगटावर पुरुषी घड्याळ, एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "माझ्या तासाला कोणी जांभया देत नाही." यावर एखादी चिडली असती. बाई एवढ्या खूश झाल्या की काय सांगू! "असं? मग मोजू या," म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या.

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! माझ्याच वर्गातल्या मागच्या बाकावरच्या दोन पोरींना त्यांनी कामाला लावलं होतं. महिन्याभरानं मला कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावणं आलं. त्या खोलीत चालू अवस्थेतला म्हणावा असा एकच कॉम्प्युटर होता, तो बाईंचा. पडद्यावर डावीकडे तक्ता, उजवीकडे आलेख. तक्त्यात माझा प्रत्येक तास : वार, वेळ, काय शिकवलं, जांभया किती. आलेखात प्रत्येक तासाचा एक ठिपका. जितक्या जांभया जास्त, तितका ठिपका वर. माझा आलेख चांगला डोंगरासारखा दिसत होता.

"आता सगळ्यांत वरच्या ठिपक्यावर टिचकी मारा," बाई म्हणाल्या.

सगळं जग क्लिक म्हणतं. बाई टिचकी म्हणायच्या. पोरांनी त्यांचं नावच टिचकीबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं. मी टिचकी मारली. ठिपका लाल झाला आणि त्याच क्षणी डावीकडच्या तक्त्यातली एक ओळ पिवळीधमक झाली : मंगळवार, जेवणानंतरचा तास, समास.

"आणि आता हा बघा, हा खालचा. एकटाच बसलाय बिचारा." बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "हाही जेवणानंतरचाच तास, पण जांभई एकही नाही. विचारा त्याला, अहो, तुम्ही इकडे कसे?"

त्यांनी खरोखर ठिपक्याला अहोजाहो केलं. मी टिचकी मारली. ओळ पिवळी झाली. शिकवलं काय, या रकान्यात पोरींनी लिहिलं होतं : "बाईंनी त्यांच्या आईचं आणि शेजारणीचं भांडण सांगितलं."

मला आठवलं. त्या दिवशी धड्यात मन लागेना म्हणून मी पुस्तक मिटून आमच्या गल्लीतलं एक भांडण साभिनय सांगितलं होतं. मला वाटत होतं, तो तास वाया गेला. बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, नाकावरचा कपाळावर नेला आणि म्हणाल्या, "असा एखादा सगळ्यांपासून लांब बसलेला ठिपका दिसला ना, की तो पाहुणा समजायचा. पाहुणा आला की आधी पाणी विचारायचं. कोण, कुठले, कसं येणं केलंत. हाकलायचं की ठेवून घ्यायचं ते नंतर."

त्या दिवसापासून माझे समास भांडणातून शिकवले जाऊ लागले. आणि आकड्यांचं मला जन्मजात वावडं असूनही मी त्या बाईच्या मागे मागे फिरायला लागले.

डहाणूरोडला आमच्या खोल्या एकाच गल्लीत निघाल्या. त्यामुळे सकाळची एसटीही एकच. बाईंचे वडील रेल्वेत होते, जन्म डहाणूचा, शेजारपाजार सगळा गुजराती. शिकवताना शुद्ध मराठी, पाड्यांवरच्या आईबापांशी त्यांच्या बोलीत मोडकंतोडकं, आणि आनंद किंवा राग अनावर झाला की गुजराती. "जुओ तो खरा!", म्हणजे बघा तरी, असं किंचाळल्या की समजायचं, पडद्यावर काहीतरी पिवळं झालंय. एसटीत आपल्याला खिडकी लागते. बाईंना कंडक्टरच्या शेजारची जागा लागायची. कुठल्या थांब्यावर किती चढले, किती उतरले, हे त्याच्याकडून काढून घ्यायच्या. "काय करायचंय तुम्हाला?" असं मी एकदा वैतागून विचारलं. "मला काय करायचंय? ते आकडेच सांगतील काय करायचंय ते," म्हणाल्या.

सरासरीचा त्यांना मनापासून राग. गणिताची बाई आणि सरासरीचा राग! कोणी स्टाफरूममध्ये "आपल्या वर्गाची सरासरी चांगली आहे हो" म्हटलं की त्या विचारायच्या, "तिला बोलवा ना, भेटू दे." मग स्वतःच म्हणायच्या, "नाही येणार ती. सरासरी नावाचं पोर कुठल्याच वर्गात नसतं."

तसाच राग कागदावरच्या आलेखाचा. शाळाशाळांत भिंतीवर रंगीत खडूंनी काढलेले तक्ते असतात ना, त्यांच्यासमोरून बाई मान फिरवून जायच्या. "भिंतीवरचा आलेख मुका. त्याला टिचकी मारली तर काय होतं? धूळ उडते. तू कोण विचारलं की ज्याला आपलं नाव सांगता येतं, तोच आलेख." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच अडलं.

पण त्याआधी चिकूची गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर आमचे मोठे सर कळायचे नाहीत. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता. फक्त वरिष्ठांची गाडी फाटकाशी थांबली की ते सदऱ्याची वरची गुंडी लावून धावत सुटायचे.

एका हिवाळ्यात बाईंनी घोलवडच्या एका वाडीतून चिकूंची करंडी आणली आणि सगळ्या शाळेला वाटली. अट एकच : आधी चिकू वजन करायचा, मग खायचा, मग बिया मोजून सांगायच्या. जड चिकूत बिया जास्त असतात का, हा प्रश्न. दहावीच्या पोरी तक्ता भरत होत्या. सगळ्यांनी खाल्ले, मोठ्या सरांनीही केबिनमध्ये बसून खाल्ला. मग सगळे कॉम्प्युटरच्या खोलीत. आलेखात ठिपक्यांचा एक थवा दिसत होता, आणि एक ठिपका पार वर, एकटा. चिकू सगळ्यांत लहान आणि बिया सगळ्यांत जास्त.

"पाहुणा!" पोरं ओरडली.

बाईंनी टिचकी मारली. ओळ पिवळी झाली. खाणाऱ्याचं नाव : मोठे सर.

बाई अगदी निरागसपणे वळून म्हणाल्या, "सर, असा चिकू जगात कुठे नसेल. झाड कुठलं ते कळलं तर कलमं बांधून घेऊ." मोठे सर खोकले, घाम पुसला आणि म्हणाले, "दोन खाल्ले हो. वजन केलेला फारच लहान होता." पोरं बाकांवर हात आपटून हसली. सरसुद्धा शेवटी हसले. पण मला आठवतं ते हसणं नाही. मला आठवतं, मी आ वासून त्या पडद्याकडे बघत होते. एवढ्या गर्दीत एक माणूस कोपऱ्यात गुपचूप काहीतरी करतो, आणि एक बोट नुसतं टेकवलं की तो ठिपका उठून आपलं नाव सांगतो! जादूटोण्यावर माझा विश्वास नाही. त्या दिवशी थोडा बसला होता.

आणि मग एका वर्षी दिवाळीनंतर आमच्या भागातली जमीन हलायला लागली.

ज्यानं ते अनुभवलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आधी गडगडाट, जमिनीच्या आतून. मग एक धक्का. फळ्यावरचा खडू खाली, मांडणीवरचा डबा खाली, आणि माणसं अंगणात. एकदा झालं, पुन्हा झालं, मग होतच राहिलं. कधी आठवडाभर शांत, कधी एका दिवसात पुन्हापुन्हा. लोक घराबाहेर झोपायला लागले. मी तर चालत्या एसटीतसुद्धा दांडा घट्ट धरून बसायची.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी तक्ता उघडला. कधी, कुठे, घर कसलं, भिंतीला तडा गेला का, कोणी सांगितलं. आणि एक रकाना होता : काय पडलं? पोरांच्या घरून फोन यायचे, सुट्टीला गेलेली पोरं बातम्या घेऊन यायची आणि दहावीच्या पोरी ते भरायच्या. त्या रकान्यात काय काय यायचं! हंडा पडला. कोंबड्यांचं खुराडं पडलं. एका पोरानं लिहिलं होतं, "आजोबा पडले, पण ते आधीच पडायच्या बेतात होते." पोरं ते वाचून हसायची, आणि हसली की भीती जरा सैल व्हायची. बाईंनी तो रकाना त्यासाठीच ठेवला होता की काय कोण जाणे. तक्त्याशेजारी आलेख, त्यात प्रत्येक पाड्याचा एक खांब, शाळेचाही एक. जितक्या नोंदी जास्त, तितका खांब उंच.

तक्ता भरणाऱ्या पोरींत वनिता सगळ्यांत पुढे. दहावीतली, अबोल, टपोऱ्या अक्षराची. तिच्या थोरल्या बहिणीला नववीतून घरी नेलं होतं. "थोडे दिवस" म्हणून नेलं आणि लग्न लावून टाकलं. वनिताला नर्स व्हायचं होतं. परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर आलेली. आम्हा सगळ्यांना एकच धास्ती होती, पोर आता घरी गेली की परत यायची नाही. तिला स्वतःलाही ते माहीत होतं. दर धक्क्याला इतर पोरी मैदानाकडे पळायच्या. हीही पळायची, पण फाटकाकडे बघत राहायची, बाप आला की काय म्हणून.

अशात मोठ्या सरांना कळलं की वरून कोणीतरी पाहणीला येणार आहे. झालं, वरची गुंडी लागली. "बाई, तुमचा तो आलेख छापून दर्शनी भागात लावा. शाळा काहीतरी करतेय असं दिसलं पाहिजे." बाई नाही नाही म्हणत होत्या. "कागदावर तो मुका होईल हो, सर." सर ऐकेनात, शिपायाला कागद घेऊन उभंच केलं. शेवटी बाईंनी छापून दिला. फाटकाजवळच्या फळ्यावर तो लागला.

कागदावर एक खांब बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेलेला. खाली नाव : पाटीलपाडा.

पाहणीला कोणी आलंच नाही. पण कोणीतरी मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो पाड्यापाड्यांवर पोचला. बरोबर कोणा महाभागानं मजकूरही जोडला : पाटीलपाड्याखाली जमीन पोकळ झाली आहे, शाळेच्या कॉम्प्युटरनं शोधून काढलं, पोरंबाळं हलवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी ही गर्दी! बायाबापड्या, म्हातारे, कडेवर पोरं. सगळ्यांत पुढे वनिताचा बाप. उंच, शांत माणूस, हातात रिकामं पोतं. पोरीचं सामान भरायला आणलेलं. वनिता वर्गाच्या दारात उभी होती, चेहरा पांढराफटक.

मोठे सर म्हणाले, "फाटक लावून घ्या, मी भाषण करतो."

"भाषण नको," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी मुका आलेख बाहेर सोडला. त्यांना आत बोलवा."

पण आत कोणी येईना. स्लॅबखाली पाऊल ठेवायला लोक तयार नव्हते, आणि त्यांचं तरी काय चुकलं? मग बाईंनी कॉम्प्युटरच बाहेर आणला. वायरीला वायर जोडत जोडत आवारातल्या आंब्याखाली टेबल मांडलं. उन्हात पडद्यावर काही दिसेना, तर वसतिगृहातली एक चादर आणून टेबलावर धरली. चादरीच्या आत बाई, वनिता, मी आणि वनिताचा बाप. बाहेर चारी कोपरे धरून पोरं, आणि त्यांच्याभोवती अख्खा जमाव. आत काय दिसतंय ते मी ओरडून बाहेर सांगायचं, असं ठरलं. मराठीच्या शिक्षिकेला हे काम बरं जमतं.

"हा उंच खांब तुमच्या पाड्याचा, असं सगळे म्हणतात," बाई वनिताच्या बापाला म्हणाल्या. "आपण त्यालाच विचारू. मारा टिचकी."

त्यानं बाईंकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मधलं बोट अंगठ्यावर ताणलं आणि काचेवर सणसणीत टिचकी हाणली. टक्क!

मला हसू फुटणार होतं. पण बाई हसल्या नाहीत. त्याचं बोट काचेला लागलं त्याच क्षणी त्यांनी माउसचं बटण दाबलं. खांब लाल झाला आणि तक्त्यातल्या ओळी भराभर पिवळ्या होत गेल्या. तो माणूस एक पाऊल मागे सरला. मग पुढे वाकला.

वनिता एकेक ओळ वाचायला लागली. पहिल्याच ओळीत त्याचं नाव. काय पडलं : हंडा.

"हा माझा हंडा," तो म्हणाला. "फोनवर मीच सांगितलेलं." त्याच्या आवाजात काय होतं सांगू? अभिमान होता.

पुढची ओळ. कौलं पडली. "आमच्यातलाच तो, बरोबर." पुढची. काय पडलं : टीव्ही.

"थांब," तो म्हणाला. "टीव्ही? आमच्या पाड्यात टीव्ही कोणाकडेच नाही. पडेल कुठून?"

मी चादरीबाहेर तोंड काढून ओरडले, "पाटीलपाड्यात टीव्ही कोणाचा पडला?"

गर्दीतून मागून आवाज आला, "माझा! पण मी हायवेजवळच्या पाटीलपाड्यातला!"

"आणि मी धरणाकडच्या," दुसरा म्हणाला. "डोंगराकडचा पाटीलपाडा आमचा," मागून एक म्हातारी ओरडली, "खुराडं आमचं आहे!"

चादरीच्या आत बाईंनी कपाळावर हात मारला. दोन्ही चष्मे हलले. "जुओ तो खरा!" आणि मग त्या अशा हसायला लागल्या की डोळ्यांत पाणी आलं. आमच्या भागात गावागणिक पाटीलपाडा आहे हो! आणि ज्याच्या त्याच्या लेखी पाटीलपाडा म्हणजे आपलाच. गावाचं नाव लिहायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. कॉम्प्युटर बिचारा, त्यानं सगळ्या पाटीलपाड्यांची माती एकाच खांबावर रचली.

मग जे सुरू झालं तसं मी आयुष्यात पाहिलं नाही. एकेक माणूस चादरीखाली यायचा, आपला हंडा, आपली कौलं, आपलं खुराडं ओळखायचा, वनिता तिथे गावाचं नाव टाकायची आणि खांब जरासा खाली उतरायचा. माउस आता वनिताच्या बापाच्या हातात. एवढ्या वेळात त्याला तो जमलाही होता. मी बाहेर ओरडत होते, "उतरला! अजून उतरला!" आणि बाहेरून टाळ्या. शेवटी त्या एका राक्षसाच्या जागी चार लहान लहान खांब उभे राहिले, बाकीच्यांच्याच उंचीचे. माझ्या अंगावर काटा आला. त्या फाटक्या चादरीखाली, घामाच्या वासात, मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

पण वनिताचा बाप पडद्यावरून नजर हलवेना. "आता सगळ्यांत उंच हा कोण?"

मी वाचलं. शाळा.

चादर वर करून मोठे सर आत घुसले. खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, ती ओळ गाळा. येतं ना तुम्हाला गाळता?"

"येतं," बाई म्हणाल्या, मुळीच आवाज न उतरवता. "चहा गाळल्यावर चोथा कुठे टाकतात ते माहीत असतं. हे गाळून मी कुठे ठेवू सांगा, म्हणजे गाळते."

बाई वनिताच्या बापाला म्हणाल्या, "मारा टिचकी." त्यानं मारली. पिवळ्या ओळींची रांग लागली, पण बहुतेक ठिकाणी : काही पडलं नाही, सगळे घाबरले. "इथे सांगणारी तोंडं जास्त आहेत," बाई म्हणाल्या. "पाड्यावर एका धक्क्याला एक फोन येतो, इथे अख्खी शाळा येऊन सांगते. म्हणून खांब उंच. त्याला भिऊ नका." मी सुटकेचा श्वास सोडला. इथेच थांबल्या असत्या तर? वनिता राहिली असती, आम्ही सगळे सुटलो असतो. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, पुरे, आता बंद करा.

बाईंनी "तडा" या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली. ओळींची उलथापालथ झाली आणि तडे गेलेल्या भिंती वर येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांत वर : शाळा, मुलींची झोपायची खोली, खिडकीजवळची भिंत.

"हा मात्र खरा आहे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः बोट घालून पाहिलाय. वरती कळवलंय, अजून कोणी आलेलं नाही."

"आणि आमच्या घरांना?"

त्यांनी कुडाची घरं निवडली. कारवीच्या काठ्या आणि वर मातीचा लेप, तसली घरं. तडा या रकान्यात वरपासून खालपर्यंत : नाही, नाही, नाही. "कूड डुलतो. भिंत डुलत नाही, म्हणून फुटते."

तो त्या रकान्यावरून बोट फिरवत खालपर्यंत आला. "बाई, मोठा येणार काय?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "आणि माहीत आहे म्हणेल त्याचं ऐकू नका."

तो चादरीबाहेर आला. त्यानं पोरीला हाक मारली, "वनिता, पेटी आण."

संपलं. वनिता खाली मान घालून गेली, तिची पत्र्याची पेटी घेऊन आली आणि बापासमोर ठेवली. मला रडू आवरेना. मोठे सर बाईंकडे असं बघत होते की नजरेनं जाळतील. बाई मात्र हाताची घडी घालून उभ्या होत्या.

बापानं पेटी उचलली, दोन पावलं चालला आणि आंब्याच्या बुंध्याशी ठेवली. "इथे ठेव. त्या खोलीत झोपायचं नाही." मग बाईंकडे वळून म्हणाला, "तुम्ही तुमच्या शाळेचं वाईट सांगितलं. मग बाकीचंही खरंच असेल. उद्या येतो." पोतं तसंच रिकामं घेऊन तो गेला. बाकीच्यांनीही आपापल्या पोरींच्या पेट्या झाडाखाली ठेवल्या आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले ते बांबू आणि कारवीचे भारे घेऊन. चारही पाटीलपाडे! मैदानात लांबलचक मांडव उभा राहिला, तिन्ही बाजूंनी कूड, वर पेंढा. मोठे सर आधी "परवानगी, परवानगी" करत फिरले, आणि दुपारी स्वतः सुंभाची गुंडाळी घेऊन आले. काम संपल्यावर वनिताच्या बापानं मधल्या खांबाला बोटानं एक टिचकी मारली. टक्क. बाईंकडे बघून हसला. बाईंना लाजताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

पोरी त्या मांडवात झोपल्या, तिथेच अभ्यास केला. धक्के येतच होते. मांडव डुलायचा, पोरी टाळ्या वाजवायच्या, आणि वनिता सकाळी तक्त्यात भरायची : कुठे, मांडव. काय पडलं, काही नाही. परीक्षेला अख्खी दहावी बसली. वर्गातून एकही पोर गळलं नाही.

जूनमध्ये बाईंची बदली झाली. लांब, पार दुसऱ्या जिल्ह्यात. निरोपाच्या दिवशी कोणाला भाषण करू दिलं नाही. "बोलून काय होतंय?" म्हणाल्या, कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात कोंबली, "अधूनमधून टिचकी मारत जा, नाहीतर ठिपके रुसतात," आणि एसटीत कंडक्टरच्या शेजारी जाऊन बसल्या. त्याच दिवशी वनिता गुणपत्रिका न्यायला आली होती. पास झाली होती, डहाणूला अकरावीत जाणार होती. एसटी दिसेनाशी होईपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली. मग माझ्याकडून किल्ली मागून घेतली, पाच मिनिटांत परत आणून दिली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात धक्क्यांचा तो तक्ता वर पाठवायचा होता. मी आणि मोठे सर बघायला बसलो. सर एका ओळीवर अडखळले. "ही कसली नोंद? त्या दिवशी तर धक्का बसलाच नव्हता."

मी टिचकी मारली. ओळ पिवळी झाली. कुठे : शाळा, फाटकाजवळ. कोणी सांगितलं : वनिता. काय पडलं : सगळ्यांची तोंडं.

"चुकीची आहे," सर म्हणाले, पण ओळ पुन्हा एकदा वाचली. "गाळायला हवी."

"पाहुणा आहे तो, सर," मी म्हटलं. "राहू द्या."